सराव

आजची रोगी खोटी आहे.
सुके मासे विकणारी इथुंगू,
पाच हजार शिलिंग आणि दुपारचं जेवण ठरलंय,
त्यात खोकायचं, कण्हायचं
आणि बादलीत बिटाचं पाणी ओकून दाखवायचं.
ताप किती सांगायचा ते तिच्या तळहातावर
बॉलपेननं लिहिलंय मी: एकोणचाळीस.

नदीपलीकडे काँगो. पुलावरून रोज
भावजया येतात, कॉफीची पोती येतात,
कोणाचं लग्न, कोणाचं मयत येतं.
आजाराला पासपोर्ट लागत नाही,
असं जिल्ह्याचे साहेब प्रत्येक बैठकीत म्हणतात
आणि आम्ही प्रत्येक वेळी
पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या माना डोलावतो.
बरं. विहीर खणून ठेवतोय,
तहान लागू नये म्हणत.

बूट. आतले हातमोजे. पांढरा पोशाख.
बाहेरचे हातमोजे, आठ नंबरचे,
कारण पेटीत आठच नंबर आला;
माझ्या प्रत्येक बोटापुढे
रबराचं अर्धं रिकामं बोट.
चष्मा. मग बालुकू मार्करनं
माझ्या छातीवर नाव लिहितो आणि आत शिरायची वेळ:
नऊ चाळीस.
चाळीस मिनिटं मिळतात. त्यापुढे
आपल्या वतीनं घामच विचार करू लागतो.

इथुंगूचं पहिलं कण्हणं खोटं होतं. दुसरंही.
खिडकीबाहेर शिकाऊ पोरी फिदीफिदी हसल्या.
तिसऱ्यानंतर कोणी हसलं नाही.
गुडघे पोटाशी घेऊन ती अशी वळली
जसं शिकवून वळता येत नाही.
कोणाला पाहिलं असेल तिनं असं वळताना,
हे विचारायला तक्त्यात रकाना नाही.

बालुकू दोरीपलीकडून वाचतोय:
रोग्याला पाणी द्या. नोंद करा. पुढे.
मी पेला धरला. तिनं घेतला नाही.
माझ्या चष्म्यात पाहत राहिली,
तिथे नुसतं धुकं.
"आत कोण आहे?"

छातीवर लिहिलंय, मी म्हणाले.
"मला वाचता येत नाही."
पुढे, बालुकू म्हणाला.
"काबुघो." मास्कमधून ते
खोकल्यासारखं बाहेर पडलं. पुन्हा म्हणाले.
"म्हणजे तिसरी लेक. मी पाचवी.
कोणाची तिसरी?"
"कॉफी धुतात त्या टाक्यांच्या वर, शिंपिणीची."
"जिचं मशीन रात्रीसुद्धा किरकिरतं?"
"तिचीच."
तेव्हा ती पाणी प्यायली,
सगळं, खोटी रोगी असून.

खरी परीक्षा उतरवताना.
क्लोरीन, हात. बाहेरचे मोजे. क्लोरीन, हात.
चष्मा मागून पुढे, डोळे मिटून.
बालुकू एकही पायरी गाळू देत नाही.
खऱ्या साथीत, त्या वर्षी, त्याच्या बायकोनं
शिफ्ट संपताना एकदा कपाळ पुसलं होतं.
एवढंच सांगतो,
मग म्हणतो, पुन्हा हात.

अहवाल संध्याकाळी मी लिहिला:
हातमोजे साडेसहा आणि सातचे हवेत.
मागच्या नळाला दुपारी पाणी नसतं.
रुग्णवाहिकेचा नंबर तीनदा लावला, चौथ्यांदा
उचलला, तो चालकाच्या धाकट्या मुलीनं;
बाबा झोपलेत म्हणाली.
आणि समासात, छापील ओळींच्या बाहेर:
हात लावण्याआधी नाव सांगा. मोठ्यानं.
कोणाची कितवी, तेही.

इथुंगूनं नोटा मोजून कमरेला खोचल्या,
मग नळाशी बसून तळहात घासला, राखेनं,
साबणानं, पुन्हा राखेनं.
एकोणचाळीस काही जाईना.
"असू दे," म्हणाली,
"बाजारात कोणी विचारलंच
तर माशांचा भाव सांगेन."